चिकूचा डबा

‘आमचं कुत्रं जाड झालंय’ अशी तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात फारसं कोणी येत नाही. लोक येतात ते कुत्रं उठताना कण्हतं म्हणून, जिन्याच्या पहिल्या पायरीशीच बसून घेतं म्हणून, नाहीतर पंख्याखाली पडूनसुद्धा धापा टाकतं म्हणून. वजन आम्हाला काट्यावर दिसतं. घरच्यांच्या मात्र ते नजरेत भरत नाही, कारण रोज डोळ्यांसमोर असलेलं जनावर महिन्याला अर्धा किलो वाढलं तर ते कळणार कसं? शिवाय लिफ्टमध्ये, सोसायटीच्या गेटवर जो भेटेल तो त्याच्या पाठीवर थोपटून म्हणतो, “काय मस्त ठेवलंय हो तुम्ही!”

म्हणून मी आधी आकडा सांगत नाही, हात धरते. मालकाची बोटं कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवायची. दोन्ही अंगठे कण्यावर, बाकीची बोटं दोन्ही बाजूंना सोडलेली, आणि अजिबात न दाबता पुढून मागे फिरवायची. मग त्याच बोटांनी स्वतःचा दुसरा हात चाचपायचा. हात पालथा धरून त्याच्या पाठीवर बोटं फिरवली की कातडीखाली हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर कुत्र्याचं ठीक चाललंय. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर ते रोड आहे. आणि तळहातासारखं, म्हणजे आत हाड आहे हे माहीत असूनही शोधावं लागत असेल, तर बोलायला बसायचं. पशुवैद्यकात यासाठी एक ते नऊ अशी श्रेणी वापरतात. चार-पाच उत्तम. पाचाच्या पुढचा प्रत्येक अंक म्हणजे ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के जास्तीचं वजन. हे सगळं मी समजावते, पण मालकाला पटतं ते त्याच्या बोटांना बरगडी सापडत नाही तेव्हा.

माझं माहेर माण तालुक्यातलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेले तेव्हा जनावराच्या बरगड्या मोजता येणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं. २०१२-१३च्या दुष्काळात चारा छावण्यांमध्ये उभ्या असलेल्या गाई-बैलांच्या बरगड्यांना हात लावायची गरजच नव्हती, त्या लांबून दिसायच्या. अंगावर मांस चढलं की जनावर वाचलं, ही भावना माझ्या लोकांच्या हाडात आहे आणि ती खोटी नाही. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरला तोच नियम लावला, की मात्र ते जनावर आपल्या प्रेमाखाली दबून जातं. खाऊ घालणारा दोन्हीकडे तितकाच मनापासून घालत असतो, म्हणूनच या विषयावर मालकांशी बोलताना मी कधी आवाज चढवत नाही.

चिकू आली ती मागच्या पायाने लंगडत. सहा वर्षांची लॅब्रेडॉर, मादी, नसबंदी झालेली. कोथरूडमधलं घर. बरोबर सूनबाई, त्यांची चौथीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. दवाखान्याला रस्त्यावरून दोन पायऱ्या आहेत. त्या चढायला ती तयार होईना, म्हणून सूनबाईंनी पुढून आणि आमच्या मदतनिसाने मागून उचललं. काट्यावर ४२ किलो ३०० ग्रॅम भरली. तिच्या चणीच्या मादीचं वजन तीसच्या आसपास असायला हवं. श्रेणीत नऊ, म्हणजे पुढे अंकच नाही.

एक्स-रेत खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांत झीज दिसत होती, पण लिगामेंट तुटलेलं नव्हतं. रक्त काढलं, थायरॉइड तपासलं. थायरॉइड मंदावलं तर किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडली तर कुत्रं खाण्याशी संबंध नसताना फुगतं, आणि ते न तपासता घरच्यांना दोष देणं हा अन्याय होतो. चिकूचं सगळं व्यवस्थित निघालं. वेदनेचं औषध दिलं आणि खाण्याबद्दल विचारलं.

“पोटभर देतो, पण मोजून देतो,” सूनबाई म्हणाल्या. “सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. बाकी हे आमचे बाबा. चहाबरोबर बिस्किटं.”

आजोबा काही बोलले नाहीत. चिकू त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून बसली होती.

असं बोट माझ्या टेबलापाशी रोज दाखवलं जातं. सून सासऱ्यांकडे दाखवते, नवरा बायकोकडे, आई मुलांकडे. मी त्यात पडत नाही. त्या घराला एक वही करायला सांगितली. आठवडाभर ज्याने जे दिलं ते त्याने लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं नाही, टीका करायची नाही. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचंही लिहायचं, त्या सांगतील आणि नात लिहून घेईल. ‘दोन वाट्या’ या दोन वाट्या न लिहिता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये लिहायच्या.

वही आली तेव्हा मी त्यांच्यासमोरच बेरीज केली. दोन वाट्या डॉगफूड म्हणजे २८० ग्रॅम निघालं. वाटी स्टीलची, खोल, आणि भरणारा प्रत्येक जण शीग लावून भरत होता. या डॉगफूडच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशे किलोकॅलरी, म्हणजे नुसत्या या दोन वाट्यांच्या हजाराला थोड्या कमी. मावशी तव्यावरची पहिली पोळी चिकूची म्हणून काढायच्या, रात्री उरलेली आणखी एक, दोन्हींना तूप. त्या तीनशे. रात्री दहीभात अडीचशे. नातीच्या डब्यातून परत येणारे चीजचे दोन चौकोन, साधारण एकशेवीस. आणि आजोबांची ग्लुकोज बिस्किटं, सात-आठ. एकाला साधारण पंचवीस धरले तरी दोनशेच्या आतच. सगळं मिळून अठराशेच्या वर. तीस किलोच्या कुत्रीला स्वस्थ पडून जगायला जी ऊर्जा लागते ती सूत्राने काढली तर नऊशेच्या जवळपास येते. वजन उतरवायचं असेल तर आम्ही तिथूनच सुरुवात करतो. चिकूच्या पोटात त्याच्या दुप्पट जात होतं.

ज्या आजोबांमुळे कुत्री जाड झाली असं घरभर मानत होते, त्यांचा वाटा जवळजवळ सगळ्यांत लहान होता. सगळ्यांत मोठा वाटा होता त्या ‘मोजून’ दिलेल्या दोन वाट्यांचा, ज्यांच्यावर कोणाचाच संशय नव्हता. हे मी अनेक घरांत पाहिलंय. बिस्कीट डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्याच्यावरून भांडण होतं. वाटी डॉक्टरांनी सांगितलेली असते, पाकिटावर छापलेली असते, म्हणून ती निर्दोष ठरते. पाकिटावरचं माप सरासरी कुत्र्यासाठी असतं. नसबंदीनंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज पाव हिश्श्याच्या आसपास कमी होते आणि भूक उलट वाढते. ऑपरेशननंतर आठव्या-दहाव्या दिवशी टाके काढताना मालकाला हे सांगितलंच पाहिजे, पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असतं.

नुसती वाटी अर्धी करा, हा सल्ला मी देत नाही. नेहमीच्या डॉगफूडमधली प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं एका ठरावीक मापाच्या हिशेबाने घातलेली असतात. माप निम्म्यावर आणलं की ऊर्जेबरोबर तीही निम्मी होतात, आणि कुत्रं चरबीबरोबर स्नायूही गमावतं. झिजलेल्या खुब्याला आधार देणारे तेच तर स्नायू. म्हणून वजन उतरवायचं वेगळं खाणं लागतं, प्रथिनं आणि चोथा जास्त, चरबी कमी. ते महाग असतं हे मला माहीत आहे. ज्यांना परवडत नाही त्यांना घरच्या अन्नाचा तक्ता करून देते, पण तो अंड्याचा पांढरा भाग, कोंबडी, भाज्या, थोडा भात आणि वरून खनिजांची पूड असा पूर्ण करावा लागतो. मांस न शिजणाऱ्या घरांत हे अवघड जातं. तिथे वरण-भातावर वाढलेलं कुत्रं पोट मोठं आणि मांड्या बारीक असं होऊन येतं.

चिकूच्या घरी मी एक स्टीलचा डबा नेमायला सांगितला. सकाळी आजोबांच्या चिरंजीवांनी ऑफिसला जाण्याआधी अडीचशे ग्रॅमच्या आसपास दाणे काट्यावर मोजून त्यात भरायचे. दिवसभराचं चिकूचं जेवण म्हणजे हा डबा. ज्याला जेव्हा द्यावंसं वाटेल त्याने द्यावं, कितीही वेळा द्यावं, पण या डब्यातून. रात्री रिकामा झाला की झाला. याखेरीज एक दशांश ऊर्जा मोकळी ठेवली होती. त्यात काकडी, उकडलेली फरसबी, गाजर, दुधी, लाल भोपळ्याची फोड. कांदा-लसूण घातलेलं काहीही नाही, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

मावशींना हे अजिबात पटलं नाही. पुढच्या खेपेला त्या मुद्दाम बरोबर आल्या. “मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढायचा का डॉक्टर? ती दारात बसून माझ्याकडं बघती, मला पोळी लाटवत नाही.” मी त्यांना समोर बसवलं आणि चिकूचा एक्स-रे उजेडावर धरला. निरोगी सांध्याची कड आणि हिची खडबडीत कड शेजारी शेजारी दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, “चानकी चालंल का? पोरासोरांना करतात तेवढी. बिनतुपाची.” चालेल म्हटलं. उपाय त्यांचा होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. तव्यावरची पहिली पोळी चिकूचीच राहिली, तळहाताएवढी. तेवढे दाणे डब्यातून कमी केले.

आजोबांशी बोलणं याहून अवघड होतं. ते एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. पत्नी जाऊन काही वर्षं झालेली. चिकूला बिस्कीट मिळतं ती दुपारची साडेतीनची वेळ, तेव्हा घरात ते दोघंच. बिस्कीट बंद म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून. आणि मी माझ्या हाताने हिला एक बिस्कीट द्यायचं नाही?”

ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली. तिच्यापुढे कॅलरींचा तक्ता ठेवावा असं मला वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, की त्या कथेतलं कुत्रं भुकेलं होतं, भाकरी पळवून नेत होतं. महाराजांनी त्या जिवाला काय कमी आहे ते ओळखलं. तुमच्या चिकूला तूप कमी नाही, तिला चालता येणं कमी आहे. आजोबांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मग मी त्यांना एक छोटी डबी दिली. सकाळी मोठ्या डब्यातले तीस ग्रॅम दाणे त्यांच्या डबीत काढायचे. साडेतीनला चहाबरोबर त्यातले एकेक द्यायचे. जिभेवरच्या चवीच्या कळ्या माणसाला नऊ हजारांच्या घरात असतात, कुत्र्याला सतराशेच्या आसपास. चवीपेक्षा वास, वेळ आणि हात हे त्याला जास्त महत्त्वाचे. चिकूने दोन दिवस दाणे तोंडात घेऊन जमिनीवर ठेवले आणि आजोबांकडे पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून खाऊ लागली.

देणारा हात थांबवायला सांगितलं की उपचार मोडतो, हे माझं ठाम मत आहे. घरातलं माणूस कुत्र्याला देतं तेव्हा त्याच्या मनातही काहीतरी भरून निघत असतं. ते काढून घेतलं तर ते चोरून देणार, आणि चोरून दिलेलं कुठल्याच वहीत येत नाही. आजोबांकडे मी वजनाची नोंदही सोपवली. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात यायचं, काट्यावर चढवायचं, तपासणी नाही, फी नाही. त्यांनी हिशेबनिसाच्या अक्षरात तारीख, वजन, फरक असे तीन रकाने आखले.

पहिल्या काही आठवड्यांत वजन बऱ्यापैकी उतरलं. आठवड्याला एक ते दोन टक्के हा सुरक्षित वेग मानतात. चिकू एकाच्या जवळपास होती. वेदनेचं औषध चालूच होतं, त्यामुळे लंगडण्यात नेमका फरक कशाने पडला हे सांगताना मी जपून बोलते. तरी २०१० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास माझ्या डोक्यात होता. सांधे झिजलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं की लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं, असं त्यात दिसलं होतं. चिकूचे सहा टक्के म्हणजे अडीच किलो. ती ३९च्या घरात आली त्या दिवशी पट्टा धरून आजोबा बाहेर उभे होते. मदतनीस उचलायला गेला. तोवर तिने पुढचे पाय पहिल्या पायरीवर ठेवले, मागचा डावा पाय एकदा झाडल्यासारखा केला आणि स्वतःच वर आली. आतल्या बाकावरची माणसं तिच्याकडे पाहत होती, म्हणून ती शेपटी हलवत एकेकाच्या पिशव्या हुंगायला लागली.

चालणं आम्ही अगदी सावकाश वाढवलं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, सपाट जागेवर. चेंडू फेकणं बंद, कारण धावत जाऊन गर्रकन वळताना जाड कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटतं. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत परत यायचं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते, आणि चरबीचा थर ती आत धरून ठेवतो. चपट्या नाकाच्या पगला तर धापसुद्धा नीट टाकता येत नाही. मे महिन्यात भर दुपारी उष्माघाताने आणलेले जाड पग मी वाचवलेत आणि गमावलेतही. पुण्यात पहाटे काही लोक स्कूटरला पट्टा बांधून कुत्र्याला मागून पळवतात, व्यायाम म्हणून. मी रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्याशी बोलते. कुत्रं थकलं तरी थांबू शकत नाही, पंजे सोलवटतात, आणि इमानी जनावर छाती फुटेतो पळत राहतं. याला व्यायाम म्हणू नये.

खरं तर वजन चालण्याने फार थोडं उतरतं. ते डब्याने उतरतं. चालण्याने स्नायू राहतात, सांधा हलता राहतो आणि कुत्र्याला खाण्याखेरीज दिवसात दुसरं काही घडतं. आजोबा म्हणाले, हिच्यामुळे माझीही सोसायटीत चार माणसांशी ओळख झाली.

मग चिकूने कचऱ्याचा डबा पाडायला सुरुवात केली. शेजारच्यांच्या दारातलं मांजरीचं खाणं चाटून आली. सूनबाई रडकुंडीला आल्या. “ती खरंच उपाशी आहे का हो? आम्ही हिचे हाल करतोय का?”

हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. भूक खरी असते. २०१६ साली केंब्रिजच्या एलेनर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लॅब्रेडॉरमध्ये पॉमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या साखळीतलं हे जनुक. साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये हा दोष आहे. मदतनीस म्हणून शिकवल्या जाणाऱ्या लॅब्रेडॉरमध्ये तर चारातल्या तिघांमध्ये. खाण्यासाठी काहीही शिकायला तयार असणारी कुत्री माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडली असावीत, हा त्यावरचा तर्क मला पटतो. पुढे २०२४मध्ये त्याच गटाने दाखवलं, की या कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये भूक जास्त लागते आणि स्वस्थ पडलेलं असताना ऊर्जाही पाव हिश्श्याने कमी खर्च होते. म्हणजे दोन्हीकडून मार. चिकूची ही तपासणी आम्ही केली नाही, पण तिच्याकडे पाहून मला फारशी शंकाही नव्हती. अशा कुत्रीच्या मालकाला ‘तुमच्यात शिस्त नाही’ म्हणणारा डॉक्टर त्या घरावर अन्याय करतो. बारीक कुत्र्याच्या मालकाला कदाचित नशिबाने सोपं कुत्रं मिळालेलं असतं.

औषधाचं विचारतात लोक. २००७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या लठ्ठपणावर पहिलं औषध मंजूर झालं होतं, पण ते चाललं नाही आणि बाजारातून गेलं. आपल्या हातात डबाच आहे.

चिकूची भूक मारता येत नव्हती, पण लांबवता येत होती. संध्याकाळचे दाणे भांड्यात न देता गच्चीवर काथ्याच्या पायपुसण्यात पेरून ठेवायचे. एकेक दाणा नाकाने शोधून काढताना तिला अर्धा तास लागायचा, आणि नाक चालवलेलं कुत्रं त्यानंतर झोपतं. नातीने हे काम आपलं म्हणून घेतलं. कचऱ्याच्या डब्याला झाकण आलं. दाण्यांत फरसबी मिसळून आकारमान वाढवलं.

सूनबाईंना मी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. १९८७ साली अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रेडॉर पिल्लं घेऊन त्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, आयुष्यभर. एवढाच फरक. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, मध्यम आयुष्य तेरा वर्षं, दुसऱ्यांचं अकराच्या थोडं वर. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं. आणि त्या अभ्यासातली जास्त खाणारी कुत्रीसुद्धा चिकूइतकी जाड नव्हती, आपण रस्त्यात ‘छान अंगाने भरलंय’ म्हणतो तशी होती. सूनबाईंनी दोन वर्षं या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, चिकू तेवढी जगली तर तोवर ही दहावीत पोचलेली असेल. ही म्हणजे त्यांची मुलगी.

श्रावणात वजन ३६वर येऊन थांबलं. पाऊस, चालणं बंद, आणि शरीरही आता लहान झालेलं. ४२ किलोचं अंग वागवायला जेवढं लागत होतं तेवढं ३६ किलोला लागत नाही, त्यामुळे ज्या डब्याने आधी उतरत होतं तोच डबा आता पुरून उरतो. इथे बहुतेक घरं हात टेकतात. आम्ही दाणे एक दशांशाने कमी केले आणि वाट पाहिली.

त्यात गणपती आले. पाच दिवस घरात येणंजाणं, प्रत्येक पाहुण्याला दारात बसलेली गोड चेहऱ्याची कुत्री दिसणार आणि प्रत्येकाच्या हातात प्रसाद असणार. मी खिरापतीची भीती आधीच घालून ठेवली होती, कारण पंचखाद्यात मनुका-बेदाणे असतात आणि द्राक्षांच्या कुळातलं काहीही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. नातीने चिकूच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला, ‘मला प्रसाद देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय’. तरी मोदकाचं तूप कुठून तरी पोटात गेलंच. विसर्जनानंतर सहाशे ग्रॅम वाढले. आजोबांनी तो आकडा लाल शाईने लिहिला. मी सांगितलं, लाल नको, निळ्याच शाईने लिहा, सण आहे, होतं. सहाशे ग्रॅम पुढच्या तीन आठवड्यांत गेले.

दिवाळीच्या सुमाराला, ३४ किलोवर, मी पुन्हा सूनबाईंचे हात धरून चिकूच्या पाठीवर ठेवले. अंगठे कण्यावर, बोटं सैल. त्यांनी पुढून मागे फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली. “हे... हे हाड आहे ना?” शेवटून दुसरी-तिसरी बरगडी होती. नातीनेही हात लावून पाहिला. मग आजोबांनी. चिकूला वाटलं सगळे लाड करतायत, तिने आडवं होऊन पोट वर केलं.

आता ती ३१ किलोवर आहे. वर्ष उलटून गेलं. वेदनेचं औषध थंडीत लागतं, एरवी नाही. सांध्यांची झीज भरून येत नसते, ती तिथेच आहे, पण तिच्यावरचा अकरा किलोंचा भार गेला. उरलेल्या एका किलोसाठी मी घराला आणखी ताणणार नाही. बरगडी लागते, कंबर वरून दिसते, श्रेणीत पाच-सहाच्या मध्ये आहे. यापुढचं काम मला जास्त काळजीचं वाटतं, कारण उतरलेलं वजन परत चढणारी कुत्री मी पुष्कळ पाहिलीत. घराला वाटतं, झालं, जिंकलो, आणि जुनी वाटी कपाटातून बाहेर येते. म्हणून आम्ही दाणे एकदम वाढवले नाहीत. पंधरा दिवसांनी थोडे, मग वजन, मग पुन्हा थोडे. वजन जिथे स्थिर राहील तो डबा आयुष्यभराचा. काट्यावर येणं आता महिन्यातून एकदा, पण ते थांबणार नाही.

मागच्या खेपेला आजोबांनी वही मिटली आणि विचारलं, आता एक बिस्कीट चालेल का.

चालेल, म्हटलं. एकच, चार तुकडे करून, आणि तेवढे दाणे डबीतून काढून ठेवायचे.

“एका बिस्किटाला दाणे किती?”

आम्ही हिशेब केला. आठ ग्रॅम. त्यांनी वहीच्या आतल्या पानावर तो वेगळा लिहून घेतला, खाली रेघ मारली, आणि विचारलं, “आणि मावशींची चानकी थोडी मोठी झाली तर?”

त्यासाठी मावशींना चानकी काट्यावर ठेवायला सांगावी लागेल, म्हटलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.